लोड टाका, मग बघा

एनसीईआरटीच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात विद्युतधारेच्या प्रकरणाअखेर एक छोटेसे उदाहरण आहे. मोटारीच्या बॅटरीचे विद्युतगामक बल १२ व्होल्ट आणि अंतर्गत रोध ०.४ ओहम असेल, तर तिच्यातून जास्तीत जास्त किती धारा मिळेल? १२ ला ०.४ ने भागायचे. उत्तर ३० अँपिअर. देशभरातली मुले दरवर्षी हे उदाहरण सोडवतात. मीही ते अनेक वर्षे फळ्यावर सोडवून दाखवत आलो आहे आणि प्रत्येक वेळी उत्तराखाली रेघ मारून पुढच्या उदाहरणाकडे वळलो आहे.

त्या उत्तराकडे क्षणभर थांबून पाहायला हवे होते. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन फिरवायला सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, १०० अँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त धारा ओढते. जी बॅटरी दोन टोके थेट जोडली तरी ३० अँपिअरच देऊ शकते, तिने कोणतीही मोटार सुरू होणार नाही. धडधाकट बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या काही सहस्रांश भागांइतका असतो. पुस्तकातले गणित चुकीचे नाही. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून तसे आकडे घेतले असतील. पण ‘ही बॅटरी गाडी सुरू करू शकेल का?’ असा प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. तो सुचायला माझी स्वतःची गाडी बंद पडावी लागली, आणि तीही माझ्याच हातच्या दुरुस्तीनंतर.

ती हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यातला दोष ०.०५ ओहमचा होता. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तो सापडायला तीन आठवडे लागले. दरम्यान एक चांगली बॅटरी गेली, एक चांगला अल्टरनेटर जाता जाता राहिला आणि बोनेटखाली आग लागण्याची शक्यता मी रोज सोबत घेऊन फिरत होतो.

पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या अल्टरनेटरचा पट्टा बदलायचा होता. काम अवघड नव्हते. बॅटरीची ऋण तार आधी सोडवली, अल्टरनेटरचे बोल्ट सैल केले, जुना पट्टा काढला, नवा चढवला, ताण बघून बोल्ट आवळले. अल्टरनेटर बाजूला सरकवताना त्याच्या मागची जाड तार आड येत होती, म्हणून तिचा नट काढून ती मोकळी केली आणि शेवटी परत बसवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. सगळे काम दोन तासांत झाले आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

पुढचे दोन आठवडे तक्रार नव्हती. मग एका रात्री मुसळधार पावसात लांबचा प्रवास करून चहासाठी थांबलो, परत येऊन किल्ली फिरवली, तर नुसती टकटक. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून घरी आलो. सकाळी बॅटरीवाल्याने निकाल दिला: तीन वर्षांची बॅटरी, आयुष्य संपले. तर्क पटण्यासारखा होता. नवी घेतली, जुनी बदल्यात दिली. दहा दिवसांनी, पुन्हा पावसाच्याच रात्री, नवी बॅटरीही मान टाकून बसली. आता एका गॅरेजमध्ये तपासणी झाली. इंजिन चालू, दिवे आणि पंखा चालू, बॅटरीवर १२.२ व्होल्ट. निदान: अल्टरनेटर निकामी, नवा टाका.

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. तरी हे निदान करणाऱ्यांना मी दोष देत नाही. प्रत्येकाने एक मोजमाप केले होते आणि ते मोजमाप खरे होते. चूक मोजमापापासून निष्कर्षापर्यंतच्या उडीत होती. बॅटरीवर १२.२ व्होल्ट आहेत याचा अर्थ बॅटरीपर्यंत पुरेशी वीज पोहोचत नाही, एवढाच. ती तयारच होत नाही की वाटेत अडते, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. विहिरीत पाणी आहे की नाही हे घरातल्या नळावरून ठरवायचे नसते.

इथे अल्टरनेटरचे काम थोडक्यात सांगायला हवे. इंजिनाचा पट्टा अल्टरनेटरचा आतला चुंबक फिरवतो. त्याभोवतीच्या गुंडाळ्यांत त्रिकलीय प्रत्यावर्ती धारा निर्माण होते, डायोड तिची दिष्ट धारा करतात आणि नियामक चुंबकाची धारा कमीअधिक करून बाहेर येणारा विद्युतदाब साधारण १४ व्होल्टच्या आसपास ठेवतो. शिशाच्या बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरून विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो, निम्मी रिकामी झाली की सुमारे १२.२. तिच्यात धारा परत ढकलायची तर बाहेरचा दाब तिच्या स्वतःच्या दाबापेक्षा जास्त हवा. इंजिन चालू असतानाही बॅटरीवर १२.२ व्होल्टच दिसत असतील, तर ती भरत नसून रिती होत आहे, असाच त्याचा अर्थ.

आणि एवढे सगळे होत असताना समोरच्या फलकावरचा बॅटरीचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता. हा पुरावा डोळ्यांसमोर असून मी तो वाचला नाही. साध्या बांधणीच्या गाड्यांत तो दिवा अल्टरनेटर वीज निर्माण करतो की नाही, हे सांगतो. निर्माण झालेली वीज बॅटरीपर्यंत पोहोचते का, यावर त्याची थेट नजर नसते. म्हणजे दिवा सांगत होता की अल्टरनेटर ठीक आहे. पण ‘लाल दिवा नाही म्हणजे चिंता नाही’ अशी आपली समजूत असल्यामुळे दिव्याच्या गप्प राहण्यातही माहिती असते, हे लक्षात येत नाही.

स्वतःच्या दुरुस्तीवर मला संशय आला नाही, असे नाही. पण त्या संशयालाही मी चुकीच्या ठिकाणी तपासले. आधी मी स्वतःला बजावले की एकामागून एक घडलेल्या गोष्टींत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही. कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. काकतालीय न्याय तो हाच. तरी पट्टा पाहिला. ताण योग्य, घसरण्याचा आवाज नाही, भेगा नाहीत. मनाने लगेच निर्वाळा दिला की दुरुस्ती चोख आहे. दुरुस्त केलेली वस्तू मी तपासली, पण दुरुस्तीच्या वाटेत ज्या वस्तूला हात लागला होता ती तपासली नाही. घरच्या दुरुस्तीनंतरचे कितीतरी बिघाड याच दुसऱ्या यादीतले असतात. आड आली म्हणून सोडवलेली तार, बाजूला ठेवलेला कंस, परत लावायचे राहून गेलेले अर्थिंग. काकतालीय न्यायाची भीती बाळगणे योग्यच आहे; पण ती भीती चौकशी न करण्याची सबब होऊ नये. काळाने जवळ असणे हा पुरावा नसतो. मात्र चौकशी कुठून सुरू करावी, याची ती चांगली खूण असते.

मग ती जाड तार आठवली आणि इथे माझ्या शिक्षकपणाची खरी फजिती झाली. बॅटरी सोडवून, मल्टिमीटर ओहमवर ठेवून मी तारेची दोन टोके तपासली. आकडा आला ०.३ ओहम. मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवल्या, तरीही ०.३. म्हणजे तो सगळा रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचा, तारेचा शून्य. तार निर्दोष, असा निकाल मी वहीत लिहूनही ठेवला.

जो मीटर ०.१ ओहमच्या पायरीने आकडे दाखवतो आणि ज्याच्या वायरींचाच रोध ०.३ आहे, त्याला ०.०५ ओहम दिसणार कसा? किराणा दुकानातल्या तराजूवर केशर जोखण्यातलाच हा प्रकार. मोजून शून्य आले आणि उपकरणाला दिसले नाही म्हणून शून्य आले, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे मी मुलांना लघुत्तम मापाच्या पाठात दरवर्षी सांगतो. बोनेट उघडल्यावर मात्र ते माझ्या मनातही आले नाही.

शेवटी गाडी नेली ती रस्त्याकडेला पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे. त्यांनी मीटर काढलाच नाही. पहिला प्रश्न विचारला, “सर, यात शेवटचं काय काय उघडलं होतं?” मी पट्ट्याचे सांगितले. “पट्टा नाही विचारला. काय काय उघडलं?” मग मी नट, तार, बोल्ट, बॅटरीचे टोक अशी सगळी यादी सांगितली. त्यांनी इंजिन सुरू करायला लावले. दिवे, पंखा, वायपर, मागच्या काचेची तापणारी तार, सारे चालू केले आणि चार-पाच मिनिटे काहीही न करता उभे राहिले. मग हात अल्टरनेटरच्या मागे नेला आणि तारेला न टेकवताच मागे घेतला. “ही तापलीय.”

मी ओहमवर केलेली तपासणी सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, “मोकळ्या तारेत सगळंच बरोबर दिसतं, सर. लोड टाका, मग बघा.”

त्यांच्या परवानगीने मी तिथेच माझा मल्टिमीटर लावला. या वेळी व्होल्टवर, इंजिन चालू ठेवून आणि सगळा भार तसाच ठेवून. अल्टरनेटरच्या मागच्या खिळीवर १४.२ व्होल्ट. बॅटरीच्या धन टोकावर १२.२. एक काडी खिळीवर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवली: २ व्होल्ट. एकाच तारेची दोन टोके, त्यांच्यात खरे तर फरक जवळपास नसायला हवा. चालू असलेल्या उपकरणांचे वॅट मोजले, तर धारा अंदाजे ४० अँपिअर भरत होती. २ भागिले ४०, म्हणजे ०.०५ ओहम. सगळी उपकरणे बंद केली, तेव्हा हाच फरक ०.७ व्होल्टवर आला आणि बॅटरीवर १३.५ दिसले. दिवसा गाडी का नीट चालायची आणि पावसाळी रात्रीच का दगा द्यायची, याचे उत्तर या दोन नोंदींत होते. भार कमी असेल तेव्हा अडथळ्यातूनही पुरेशी वीज पलीकडे जाई. भार वाढला की अडथळ्यावरच दोन व्होल्ट खर्च होत.

आणखी एक गुणाकार बाकी होता. २ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे ८० वॅट. जुन्या ६० वॅटच्या दिव्याहून जास्त उष्णता त्या एका नटाभोवती, रबर, तेल आणि वायरींच्या जुडग्याच्या शेजारी तयार होत होती. नट काढल्यावर कारण दिसले. तार परत बसवताना तिच्यावरच्या रबरी टोपीची कड तारेच्या टोकाच्या कड्याखाली दुमडली गेली होती. नट घट्ट लागला होता, पण तो रबरावर घट्ट लागला होता. कडे एका बाजूने जेमतेम टेकत होते आणि तिथे काळे पडले होते. जवळचे आवरण कडक होऊन तपकिरी झाले होते. काळवंडलेले टोक कापून नवे बसवले, पृष्ठभाग घासून चकचकीत केला, नट आवळला. सगळा भार टाकून पुन्हा मोजले: तारेच्या दोन टोकांत ०.१ व्होल्ट, बॅटरीवर १४.१. जुना अल्टरनेटर आजही काम करतो आहे. बदल्यात दिलेली बॅटरीही चांगलीच असणार, पण ती आता परत येणार नाही.

ज्यांच्याकडे साधा मल्टिमीटर आहे, त्यांच्यासाठी या तपासणीचा क्रम लिहून ठेवतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीचा दाब पाहावा. इंजिन सुरू करून उपकरणे बंद असताना आणि नंतर सगळी चालू असताना तोच दाब पाहावा. दुसऱ्या वेळी तो १३ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर अल्टरनेटरच्या मागच्या खिळीवर मोजावे. तिथेही कमी असेल तर पट्टा, अल्टरनेटर किंवा त्याला चेतवणारी बारीक तार संशयित ठरते. तिथे १४ च्या आसपास असेल तर अल्टरनेटर सुटला. दोष वाटेत आहे. वाटाही दोन आहेत हे विसरू नये. खिळीपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंतची एक, आणि अल्टरनेटरच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतची, म्हणजे अर्थिंगची, दुसरी. भार चालू असताना यांपैकी कोणत्याही वाटेवर काही दशांश व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर तिथला सांधा उघडून पाहावा. प्रत्येक मोजमापाने निम्मे संशयित सुटतात. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक गरजेनुसार दाब मुद्दाम कमीजास्त करतो, तेव्हा आकड्यांची तुलना त्या गाडीच्या पुस्तिकेशीच करावी.

दोन इशारेही आवश्यक आहेत. ‘इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून बघा, गाडी चालत राहिली तर अल्टरनेटर चांगला’ ही परीक्षा अजूनही अनेक ठिकाणी केली जाते. ती करू नये. बॅटरी अचानक दूर झाली की अल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी उसळू शकतो आणि गाडीचा संगणक जळू शकतो. आणि पट्टा फिरत असताना सैल बाही, ओढणी किंवा मोकळे केस घेऊन बोनेटखाली वाकू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

भारतात सध्या दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आहे आणि ती योग्यच आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात आणि स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सहज मिळू न देणे, हा त्यातला मुख्य ठपका होता. त्या आदेशाला पुढे आव्हानेही दिली गेली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्यातली चार क्षेत्रे. पुस्तिका, सुटे भाग आणि साधने नागरिकाला मिळालीच पाहिजेत.

पण माझ्या गाडीच्या बाबतीत माझ्यापाशी पुस्तिका होती, मीटर होता, सुटा भागही बाजारात मिळत होता. नव्हती ती निदानाची रीत. गाडीला संगणकीय तपासणीचे यंत्र लावले असते, तर त्याने बहुधा ‘पी ०५६२’ हा संकेत दाखवला असता. त्याचा अर्थ प्रणालीचा विद्युतदाब कमी आहे, इतकाच. म्हणजे मला जे आधीच ठाऊक होते, तेच यंत्राने सांकेतिक भाषेत सांगितले असते. हक्क कायद्याने मिळेल, साधन पैशाने मिळेल. एका आकड्यावरून दुसरा प्रश्न कसा विचारायचा, हे मात्र कोणी शिकवल्याशिवाय येत नाही. ते शिकवण्याची जागा आपल्या शाळा-महाविद्यालयांत होती आणि आहे.

आपण तिथे काय करतो? सीबीएसईच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० प्रात्यक्षिकाला आहेत. प्रात्यक्षिकांच्या यादीत मल्टिमीटर वापरण्याची कृती आहे. दिलेल्या अपूर्ण मंडलाची आकृती काढून चुकीच्या जागी जोडलेले घटक ओळखण्याची आणि मंडल दुरुस्त करण्याचीही कृती आहे. यादी करणाऱ्यांना निदानाचे महत्त्व कळले होते, हे त्यावरून दिसते. पण मंडलात चुकीच्या जागी लावलेला अँमीटर डोळ्यांना दिसतो. माझ्या गाडीत आकृतीप्रमाणे प्रत्येक तार योग्य जागी होती. बिघडला होता तो सांधा. आपल्या आकृत्यांत सांध्याला रोध नसतो, तार आदर्श असते, बॅटरी कधी जुनी होत नाही. त्या जगात विद्यार्थी उत्तम गुण मिळवतो आणि बाहेरच्या जगात पहिल्याच सैल नटाशी अडतो. मी तसाच अडलो.

प्रयोगशाळेतले आणखी एक वास्तव शिक्षक आपसांत बोलतात, जाहीरपणे सहसा बोलत नाहीत. उत्तर आधी माहीत असते आणि नोंदी त्या उत्तराला जुळवून लिहिल्या जातात. वेगळी नोंद आली की विद्यार्थी ती खोडतो, कारण गुण उत्तराच्या जवळ जाण्याला आहेत. निदानात नेमके उलट असते. न जुळणारी नोंद हीच तिथे मोलाची असते. लाल दिवा लागत नाही आणि तरी बॅटरी रिती होते, ही विसंगती मी पहिल्या दिवशी धरून ठेवली असती, तर बाकीचे सगळे टळले असते. अशा विसंगतीला मोल देणाऱ्या माणसाला आपण वैज्ञानिक वृत्तीचा म्हणतो. ती वृत्ती आणि जिज्ञासा जोपासणे हे १९७६ पासून आपल्या राज्यघटनेत नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र तिला अर्धा गुणही नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. शिक्षकाने घरी गाडी उघडली नसती, तर बिघाड झालाच नसता. ज्याचे काम त्याने करावे. बिघाड माझ्या हातून झाला, हे मला मान्य आहे. रबरी टोपी बाजूला करून, उजेडात पाहून नट आवळायला हवा होता. प्रत्येकाने गाडी दुरुस्त करावी, असे माझे म्हणणेही नाही. दुरुस्ती करणे आणि निदान समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रिया डॉक्टरनेच करावी. पण दुखते कुठे, केव्हा आणि काय केल्यावर, हे रुग्णाला नीट सांगता आले तर निम्मे काम होते. ‘पावसाळी रात्रीच बंद पडते आणि लाल दिवा लागत नाही’ हे एक वाक्य मी बॅटरीवाल्याला सांगितले असते, तर कदाचित त्यानेही बॅटरी विकण्याआधी अल्टरनेटरकडे पाहिले असते.

दुसरे असे, की ज्याचे काम त्याने करावे म्हणताना ‘तो’ कोण, हेही बघावे. टपरीतल्या त्या गृहस्थांनी जे केले, त्याला मापनशास्त्रात नाव आहे. अतिशय कमी रोध मोजायचा तर वस्तूतून पुरेशी धारा वाहू द्यायची आणि वेगळ्या दोन टोकांनी तिच्यावरचे विभवांतर वाचायचे. केल्विन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चार टोकांची पद्धत. मीटरच्या वायरींचा रोध तिथे आड येत नाही, कारण त्यांतून धारा जवळजवळ वाहतच नाही. मी ती पुस्तकात वाचली होती. त्यांनी ती पुस्तकात वाचली असेल की नाही, मला माहीत नाही. पण तिचे मर्म त्यांच्या बोटांत होते. आपल्या देशात आयटीआय आणि विज्ञान शाखा यांच्यामध्ये जी भिंत आहे, तिच्या एका बाजूला सूत्र असते आणि दुसऱ्या बाजूला हात. दोन्ही बाजूंचे त्यात नुकसान होते. माझे नुकसान एका बॅटरीच्या किमतीत मोजता आले, म्हणून ते मला दिसले इतकेच.

म्हणून एक छोटी, आजच्या अभ्यासक्रमात आणि आजच्या खर्चात बसणारी सूचना मांडतो. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला एक बिघडलेले मंडल द्यावे. दोष लपलेला असावा: गंजलेला स्क्रू, आतून तुटलेली वायर, जुना सेल, रंगावर बसवलेले अर्थिंग. गुण दोष सापडण्याला थोडे आणि वाटेला जास्त असावेत. पहिला संशय कोणता धरला, तो कोणत्या मोजमापाने टिकला किंवा पडला, त्यानंतर काय मोजले आणि का. दोष सापडला नाही, तरी ज्याने तीन संशयित सप्रमाण सोडवले त्याला चांगले गुण मिळावेत. अंदाजाने स्क्रू पिळून दिवा लावणाऱ्याला कमी.

हे मी माझ्या वर्गात करून पाहिले आहे. १२ व्होल्टची बॅटरी, गाडीचा ५५ वॅटचा दिवा आणि मध्ये मुद्दाम गंजवलेला एक सांधा. दिवा मंद लागत होता. बहुतेकांनी बॅटरीला दोष दिला, काहींनी दिवा बदलून पाहिला. दोघांनी मंडल सोडवून ओहम मोजले आणि ‘सर्व ठीक’ असे लिहिले, अगदी माझ्यासारखे. एका मुलीने दिवा चालू ठेवून मीटरच्या काड्या एकेका सांध्याच्या दोन बाजूंना टेकवत नेल्या. चौथ्या सांध्यावर आकडा उठला, तेव्हा ती काही बोलली नाही. तोच सांधा पुन्हा मोजला, मग शेजारचा मोजला, मग लिहिले. लेखी परीक्षेत ती वर्गात मधल्या फळीतली. तिला विचारले, हे कसे सुचले? म्हणाली, “सर, दिवा चालू असतानाच मंद आहे ना. मग बंद करून कशाला मोजायचं?”

यंदा ०.४ ओहमचे ते जुने उदाहरण मी वर्गात पुन्हा सोडवले. ३० अँपिअर लिहून झाल्यावर उत्तराखाली रेघ मारली नाही. विचारले, ही बॅटरी गाडी सुरू करेल का? तो तास तिथेच संपला आणि पुढचे उदाहरण राहून गेले. जे शिक्षक आणि विद्यार्थी हे वाचत असतील, त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत एक सांधा मुद्दाम बिघडवून पाहावा आणि मुले सर्वांत आधी काय मोजतात, ते खाली लिहावे. वेगवेगळ्या राज्यांतल्या, वेगवेगळ्या मंडळांच्या वर्गांतून आलेल्या अशा नोंदी एकत्र ठेवल्या, तर अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांपुढे मांडायला आपल्या हाती काहीतरी मोजलेले असेल.